१५ रुपयांचा माईक, चहाची गाळणी आणि शेजारच्या आजी

परवा पहाटे पावणेचारला आमच्या खोलीत शेजारच्या आजी, मी आणि एक चहाची गाळणी असे तिघं बसलो होतो. पंखा बंद, गॅलरीकडचं दार बंद, खिडकीवर गोधडी, आणि आजी पदराने घाम पुसत विचारतायत, "अरे पण गायचं कुठे बघून, या गाळणीत?" मी म्हटलं हो आजी, गाळणीतच. तर ही गाळणी तिथपर्यंत पोचली कशी ते लिहायचंय. लांबणार आहे, आधीच सांगतो.

आजी ८४ वर्षांच्या. त्यांना भोंडल्याची इतकी गाणी येतात की चाळीत दुसऱ्या कोणाला त्यातली निम्मीपण येत नाहीत, आणि काही गाण्यांच्या चाली आम्ही बाकी कुठेच ऐकलेल्या नाहीत. त्यांची लेक पुण्याला असते, ती दर वर्षी म्हणते की आईची गाणी नीट रेकॉर्ड करून ठेवा रे कोणीतरी. गेल्या वर्षी मी फोनवर केली होती. ऐकताना कपाळावर हात मारला. फोन स्वतःला फार हुशार समजतो, आजी सूर लांबवतात तिथे त्याला वाटतं हा पंख्याचा आवाज आहे आणि तो दाबून टाकतो, मग पुढचा शब्द आला की परत उघडतो, त्यामुळे सगळं गाणं कोणीतरी दार उघड-बंद करतंय असं ऐकू येतं. बोलण्यासाठी ठीक आहे ते, गाण्यासाठी नाही.

माझ्याकडे दोन चॅनेलचा एक सेकंडहँड इंटरफेस, म्हणजे माईक लॅपटॉपला जोडायचा डबा, होता (मी पेटी वाजवतो, वाजवतो म्हणजे बोटं फिरवतो) आणि लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन मागवलेला एक माईक, दिसायला एकदम स्टुडिओतला, मोठी सोनेरी जाळी वगैरे. तो मेला होता. उघडून बघितला तर त्या एवढ्या मोठ्या जाळीच्या मागे करंगळीच्या नखाएवढी एक कॅप्सूल, म्हणजे माईकचा खरा कान, बसवलेली! म्हणजे राजवाडा बांधायचा आणि आत खाट टाकायची. पण ती कॅप्सूल हातात घेतल्यावर पहिल्यांदा डोक्यात आलं की अरे ही तर लॅमिंग्टन रोडला ढिगाने मिळते.

गिरगावात राहायचा हा एक फायदा. ऑपेरा हाऊसपासून सरळ चालत सुटलं की लॅमिंग्टन रोड, पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलेलं असतं पण त्या नावाने टॅक्सीवाल्याला सांगून बघा. दुकानात कॅप्सूल मागितली तर समोरचा बघतच राहिला, तिथे तिला कंडेन्सर माईक म्हणतात, कॅप्सूल म्हटलं तर मेडिकलवाल्याकडे पाठवतील. "पंद्रह का एक, बीस लोगे तो ढाईसौ." मी २० घेतल्या. त्याने प्लास्टिकच्या पिशवीत चणे-फुटाणे भरावेत तशा भरून दिल्या. एवढ्या कशाला घेतल्या ते पुढे येईलच.

आता आत काय असतं ते थोडं सांगतो, कारण ते कळल्याशिवाय पुढची माझी गाढवपणाची यादी कळणार नाही. कंडेन्सर म्हणजे समोरासमोर दोन पत्रे, त्यातला एक पत्रा म्हणजे अतिशय पातळ, धातूचा मुलामा दिलेला प्लास्टिकचा पडदा. आवाजाने पडदा हलतो, दोघांमधलं अंतर कमीजास्त होतं, विजेचा साठा तेवढाच राहतो म्हणून व्होल्टेज कमीजास्त होतं, झाला सिग्नल. ही आयडिया १९१६ ची, वेंटे नावाच्या अमेरिकन इंजिनिअरची. पण त्यात त्या पत्र्यांना बाहेरून बऱ्यापैकी मोठं व्होल्टेज द्यावं लागायचं, मोठ्या स्टुडिओ माईकमध्ये अजूनही देतात, ६० व्होल्टच्या आसपास. मग १९६२ साली बेल लॅब्जमध्ये गेऱ्हार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट या दोघांनी असा इलेक्ट्रेट माईक काढला की त्यातल्या पातळ प्लास्टिकमध्येच वीज कायमची भरून ठेवलेली असते. आजकाल त्याला टेफ्लॉनच्या जातीचं प्लास्टिक वापरतात, आपल्या नॉनस्टिक तव्यावर असतं त्याच घराण्यातलं. पत्र्यांना बाहेरून व्होल्टेज द्यायची भानगडच संपली. आज हेडफोन, इंटरकॉम, खेळणी, कुठे कुठे ही जात शिरलीय याला हिशोब नाही, आणि म्हणूनच ती १५ रुपयाला मिळते. स्वस्त आहे म्हणजे फालतू आहे असं नाही, कोट्यवधी बनतात म्हणून स्वस्त आहे.

आणि महत्त्वाचं म्हणजे त्या छोट्या डबीतच एक एफईटी, म्हणजे सिग्नलला ताकद देणारा छोटा ट्रान्झिस्टर, बसवलेला असतो (त्याला चालायला मात्र थोडी वीज लागते). कारण पडद्यातून येणारा सिग्नल इतका अशक्त असतो की त्याला साधी वायर जोडली तरी तो वाटेतच जीव सोडतो. त्याला शेजारीच कोणीतरी धरायला लागतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पावसाळ्यात कामाला येणार आहे.

पहिला माईक मी एका रविवारी दुपारी बनवला. एक कॅप्सूल, एक २.२ के चा रेझिस्टर, एक कपॅसिटर, ९ व्होल्टची बॅटरी. माझं २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न कॉलेजपासूनचं आहे, टोक पार झिजलेलं. पहिल्या तीन कॅप्सूल डाग देतानाच गेल्या, मी तापवत बसलो आणि आतलं प्लास्टिक भाजलं. चौथीपासून शहाणा झालो, डबी पक्कडीत धरायची म्हणजे उष्णता पक्कड खाते, वायरच्या टोकाला आधीच सोल्डर लावून ठेवायचं आणि दोन सेकंदात टेकवून उचलायचं. आणि मागे दोन ठिपके असतात त्यातला डबीच्या पत्र्याला जोडलेला दिसतो तो ग्राउंड, उलटं लावलं तर माईक मुका. हे पण करून झालंय.

बॅटरी सारखी बदलायची कोणी म्हणून मग इंटरफेसच्या फँटम पॉवरवर, म्हणजे इंटरफेस माईकच्या वायरीतूनच जी वीज पाठवतो तिच्यावर, चालवायचं ठरवलं. फँटम ४८ व्होल्टची असते. ४८ च का, याची गोष्ट मला फार आवडते. १९६६ साली नॉर्वेच्या सरकारी रेडिओला न्यूमन कंपनीचे नवीन ट्रान्झिस्टरवाले माईक हवे होते, आणि त्यांच्या इमारतीत अंधारात लागणाऱ्या जादा दिव्यांसाठी ४८ व्होल्टची लाइन आधीच फिरवलेली होती. आहे ना, वापरा तीच. झालं, जगभर ४८. म्हणजे आमच्या गॅलरीतल्या कॉमन बल्बची लाइन ओढून कोणीतरी माईक चालवला आणि पुढे सगळ्या जगाने तेच केलं असा प्रकार. चाळकऱ्यांना हे विचित्र वाटणार नाही, कॉमन लाइनवर काय काय चालतं ते आपल्याला माहितीये.

पण कॅप्सूलला थेट ४८ दिले तर ती जळते, तिला ३ ते ९ च्या मधलं काहीतरी पुरतं. मग रेझिस्टर, १२ व्होल्टचा झेनर (व्होल्टेज ठरावीक आकड्यावर धरून ठेवणारा डायोड), एक छोटा ट्रान्झिस्टर, दोन कपॅसिटर, एवढं सर्किट. तेही जमलं, एक कपॅसिटर उलटा लावून फट् करून झाल्यावर. आवाज आला! आणि त्याच्या मागे भला मोठा गूंऽऽऽ, ५० हर्ट्झचा, ट्यूबलाइट, फ्रिज आणि खालच्या पिठाच्या गिरणीची मोटर असं सगळं खानदान आलं. दोन रात्री मी वायर बदलली, इंटरफेसची यूएसबी केबल बदलली, लॅपटॉपचा चार्जर काढला. चूक भलतीच होती. एक्सएलआरच्या, म्हणजे माईकच्या तीन पिनांच्या जोडाच्या, २ आणि ३ नंबरच्या पिना असतात ना, इंटरफेस त्या दोघींमधला फरक घेतो आणि दोघींवर सारखंच जे काही येतं ते खोडून टाकतो, म्हणून गूं जातो. मला वाटत होतं की त्यासाठी दोन्ही पिनांवर सिग्नल द्यावा लागतो. नाही लागत! सिग्नल एकीवर दिला तरी चालतो, फक्त दोन्ही पिनांना मागे सारखाच रेझिस्टन्स दिसला पाहिजे. मी ३ नंबरची पिन नुसती जमिनीला बांधून टाकली होती. तिला जोडीदारणीसारखाच रेझिस्टर आणि कपॅसिटर लावला आणि गूं असा गेला की मला वाटलं फँटमच बंद पडली.

मग राहिला सूं. कॅप्सूलचा स्वतःचा, आतल्या एफईटीचा. हा प्रत्येक माईकमध्ये असतोच, प्रश्न किती हा आहे. इथे मी थोडं गणित केलं आणि खरं सांगायचं तर या सगळ्या खटाटोपातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. स्वस्त कॅप्सूलच्या कागदावर सिग्नल टू नॉइज (आवाज सूंपेक्षा किती वर आहे तो आकडा) ५८-६० डेसिबल असं काहीतरी लिहिलेलं असतं, आणि ते ९४ डेसिबलच्या आवाजाला मोजतात. म्हणजे ९४ वजा ६०, कॅप्सूलचा स्वतःचा सूं ३४ डेसिबल. आता मोठ्या लोकांचं बघा, न्यूमनच्या यू ८७ चा सूं १२ डेसिबल, रोड कंपनीच्या एनटी१-ए चा ५ डेसिबल. हे वाचून माणूस खचतोच. मीही खचलो. पण मग रात्री दोन वाजता फोनच्या अ‍ॅपवर आमच्या खोलीतली शांतता मोजली, पंखा बंद करून, बायको झोपलेली असताना (घोरणं धरलं नाही). ३५-३६. दिवसा पन्नाशीच्या खाली येतच नाही. अ‍ॅपवर किती भरवसा ठेवायचा हा प्रश्न आहेच, दोनचार इकडेतिकडे धरा. पण मुद्दा कळला का? ५ डेसिबलचा माईक आणून मी त्यात काय ऐकणार, तर ३५ डेसिबलची चाळ. स्वच्छ, सुंदर, डिटेलमध्ये चाळ.

तरी ३४ आणि ३५ असे दोन सूं एकत्र झाले की जास्त ऐकू येतातच, म्हणून कॅप्सूलचा थोडा खाली आणला तर बरं असं वाटत होतं. आणि इथे माझी बुद्धी फिरली.

इंटरनेटवर सगळीकडे २५ मिलिमीटरच्या मोठ्या इलेक्ट्रेट कॅप्सूलचं कौतुक. पडदा मोठा म्हणून सिग्नल जास्त, सूं कमी, कार्डिऑइड म्हणजे फक्त पुढचा आवाज घेणारी, स्टुडिओतल्या माईकसारखी. परदेशातून मागवली. कॅप्सूल हजाराच्या आसपासची, त्यावर शिपिंग, त्यावर कस्टम, चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला. बायकोला सांगितलेला आकडा वेगळा आहे, तो इथे लिहीत नाही.

तिचं सर्किट पण वेगळं, आत एफईटी घेत नाहीत, बाहेर चांगला निवडून लावतात, आणि त्याच्या गेटला (सिग्नल आत घेणारा त्याचा पाय) १ गिगाओहमचा रेझिस्टर. गिगा म्हणजे १०० कोटी ओहम. जर्मन शूप्स कंपनीच्या एका जुन्या सर्किटवरून निघालेली ही सगळी पिल्लावळ आहे, बाजारातल्या अर्ध्या चिनी माईकमध्ये तेच असतं. मी बोर्ड बनवला, कॅप्सूल बसवली, हलू नये म्हणून मागून ग्लूगनने मस्त चिकटवून टाकली. चालू केला तर चारी बाजूंचा आवाज येतोय, कार्डिऑइड कसलं नि काय, मागची मोरी पुढच्या माझ्याएवढीच ऐकू येतेय. त्याचं कारण कळलं तेव्हा स्वतःलाच दोन लावाव्याशा वाटल्या. कार्डिऑइडला मागून भोकं असतात, मागून येणारा आवाज त्या भोकांतून जरा उशिराने आत जातो आणि पुढून वळून आलेल्याला बरोबर गाठून खोडतो, त्याच्यावरच सगळा खेळ. मी भोकंच बुजवली होती. गोंद खरवडून काढला, एक रात्र.

काढल्यावर मात्र काय आवाज होता. खरंच सांगतो, मे महिन्यातली ती दोन-तीन रेकॉर्डिंग अजून ऐकतो मी, पेटीचा खालचा सा असा भरून आलाय, पाठीमागे सूं शोधावा लागतो. मित्राला ऐकवलं, तो म्हणाला विकतोस का. मी हवेत.

मग जून आला.

पहिला पाऊस पडला त्या आठवड्यात माईकमध्ये फट... फट्फट... असं सुरू झालं, कोणीतरी आत पॉपकॉर्न भाजतंय असं. आधी वाटलं केबल. मग वाटलं इंटरफेस गेला. जुलैमध्ये तर फटफटीच्या मधून गाणं शोधायला लागायचं. मी एक छोटा ह्युमिडिटी मीटर आणला, खोलीत ८८ टक्के. आता ते मघाचं वाक्य आठवा, सिग्नल इतका अशक्त की साधी वायर त्याला मारते. तो जपायला आपण १०० कोटी ओहमचा रेझिस्टर लावतो, आणि बोर्डवर सोल्डरच्या फ्लक्सचा चिकट थर तसाच ठेवतो, त्या थरावर मुंबईची हवा बसते, ओल धरते, आणि तिथून वीज झिरपायला लागते. एवढ्या मोठ्या रेझिस्टन्सपुढे ओला फ्लक्स म्हणजे चक्क नळ उघडा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोर्ड घासून धुतला, गेटचा जोड बोर्डवरून उचलून हवेतच अधांतरी जोडला, माईक वापर नसेल तेव्हा सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात. फरक पडला, बराच पडला. पण डब्यातून काढून तासभर बाहेर ठेवला की परत एखादं फट्. आणि ते नेमकं गाण्याच्या मध्येच.

याच्यावर मोठ्या कंपन्यांनी पण डोकं लावलंय. जेनहायझरचे एमकेएच मालिकेतले माईक, सिनेमाच्या शूटिंगला बाहेर वापरतात ते लांब नळीवाले, त्यात कॅप्सूल वेगळ्याच पद्धतीने, रेडिओ फ्रिक्वेन्सीच्या सर्किटमध्ये चालवतात, त्यामुळे तिथे एवढा प्रचंड रेझिस्टन्स लागतच नाही आणि ओलीचा त्रास कमी होतो. पण त्याच्या किमतीत आमच्या चाळीचा एक जिना दुरुस्त होईल.

एका रात्री असाच वैतागून बसलो होतो आणि टेबलावर ती चण्यांची पिशवी पडलेली. त्यातली एक सहज जोडली. कडकडीत स्वच्छ. ८८ टक्क्यांत, पाऊस धो धो, एक फट् नाही. आणि मग पेटली ट्यूब, अरे हिचा गेटचा जोड आत आहे! एफईटी डबीच्या आत, डबी कारखान्यातच दाबून बंद केलेली. बाहेर येतात त्या दोन वायरींवर रेझिस्टन्स एवढासा, तिथे ओल आली काय नि नाही आली काय. म्हणजे ज्या आतल्या एफईटीला सगळे हौशी लोक नावं ठेवतात, काढून टाका म्हणतात, तोच गिरगावातल्या जुलैमध्ये कामाचा.

राहिला तो सूं. त्यावर उपाय वाचनात आला होता पण मोठ्या कॅप्सूलच्या नादात मी तिकडे बघितलं नव्हतं. चार कॅप्सूल एकत्र जोडायच्या. गाणं चौघींना एकाच वेळी सारखंच ऐकू येतं म्हणून ते चौपट होतं. सूं प्रत्येकीचा आपापला, एकमेकींशी न जुळणारा, म्हणून तो चौपट न होता दुप्पटच होतो. निव्वळ फायदा ६ डेसिबल. ३४ चे २८ झाले. भजनी मंडळात चार जण एका सुरात गायले तर मंडळ मोठं ऐकू येतं, चार जण आपापलं खोकले तर तेवढं नाही, तसंच हे. खर्च ६० रुपये.

फक्त चारही सारख्या हव्यात, म्हणून तर २० घेतल्या होत्या (असं आता म्हणतोय, तेव्हा नुसता स्वस्तातला मोह होता). उरलेल्या १६ मधून एकेकीला तीच रेझिस्टरची जोडणी, तेच अंतर, फोनवरून तीच एक शिट्टी वाजवून लेव्हल लिहून काढली. बारा तशा जवळपास होत्या, दोन अगदीच बहिऱ्या, दोन जास्तच तिखट. मधल्यातल्या चार घेतल्या आणि अगदी चिकटून चौकोनात बसवल्या. लांब लांब बसवल्या तर बाजूने येणारा बारीक आवाज चौघींना वेगवेगळ्या वेळी पोचून एकमेकांना खातो. चिकटवल्या की ते होतं तेवढं कानाच्या पार वरच्या टोकाला होतं, आणि तिकडे माझा स्वतःचा कान पोचतो का हाच प्रश्न आहे.

बॉडीसाठी तांबाकाट्याला जाऊन पितळेच्या नळीचा एक वीतभर तुकडा आणला. पितळ अशासाठी की त्याला डाग बसतो, अ‍ॅल्युमिनियमला बसत नाही. आणि धातूच हवा, प्लास्टिकच्या पाइपात घातलात तर परत तो गूं घरजावई होऊन राहणार. जाळीला काय लावावं म्हणून घरभर फिरत होतो तेव्हा ओट्यावर स्टीलची गाळणी दिसली, अर्धगोल, बारीक जाळी, जणू याच कामासाठी बनवलेली. दांडा कापला. बायकोने सकाळी गाळणी शोधली तेव्हा मी ऑफिसला निघालो होतो, संध्याकाळी येताना दोन नवीन घेऊन आलो. स्टेनलेस स्टीलला साधा डाग धरतच नाही हे गाळणी कापल्यावर कळलं, मग छोट्या स्क्रूने पितळेला आवळली. आणि गाळणीला टिचकी मारली की ती टण्ण वाजते, ते पण माईकमध्ये येतं, म्हणून आतून कडेला पातळ स्पंज लावला.

आमच्या मजल्याची जमीन अजून लाकडी फळ्यांची आहे, गॅलरीतून कोणी चाललं की स्टँडमधून धप् धप् थेट माईकमध्ये. बायकोच्या केसांच्या रबरांचं जाळं करून त्यात माईक लटकवला. (हो, रबरं पण तिचीच. यादी तिच्याकडे आहे.) फूंकर अडवायला एम्ब्रॉयडरीच्या रिंगमध्ये ताणलेला नायलॉनचा मोजा.

सगळा हिशोब, कॅप्सूल २५०, एक्सएलआर सॉकेट, ट्रान्झिस्टर-झेनर वगैरे शंभरेक, नळी १८०, गाळणी दोन धरून ८०. सहाशेच्या पुढे थोडंसं, त्यातही १६ कॅप्सूल वाया किंवा शिल्लक.

या छोट्या कॅप्सूल ओम्नी असतात, चारी बाजूंचं सारखंच घेतात, त्यामुळे लोक म्हणतात खोलीच्या गोंगाटात ओम्नी नको. मला उलट अनुभव आला. कार्डिऑइडला जवळ गेलं की खालचा सूर फुगतो, आजी जरा पुढे-मागे झाल्या की आवाज जाड-बारीक, जाड-बारीक, आणि आजी गाताना डोलतात, त्यांना सरळ बसा म्हणून सांगणार कोण. ओम्नीला ते फुगणं नाही. मग नुसतं जवळ जायचं. खोलीचा आवाज जेवढा कार्डिऑइड १७ सेंटीमीटरवरून घेतो तेवढाच ओम्नी १० सेंटीमीटरवरून घेतो, एवढाच काय तो फरक आणि अंतर निम्मं केलं की गाणं ६ डेसिबलने वर येतं, फुकटात. मी आजींच्या हनुवटीच्या जरा खाली, तोंडाच्या रेषेतून थोडा बाजूला, वीतभराच्या आत ठेवला.

वेळेचा प्रश्न होता. पावणेचार अशासाठी की तेव्हा लोकल बंद असतात, चर्नी रोडकडून काही ऐकू येत नाही, आणि साडेचारला चाळीत पाणी येतं, ते आलं की बादल्या, पिंपं आणि माणसं यांच्यापुढे न्यूमनही हात टेकेल. आजी तशाही चारला उठतात, म्हणाल्या, "अर्धा तास आधी उठले तर काय मरते की काय मी." पाठीमागे दोरीवर दोन गोधड्या टाकल्या, कपाट उघडं ठेवलं, साड्या आवाज छान पितात.

पहिलं गाणं झालं आणि हेडफोनमध्ये छुन् छुन् छुन्. बांगड्या. आजी हाताने ताल धरतात. काढायला सांगितल्या तर असं बघितलं माझ्याकडे की मी विषयच सोडला, मग त्यांनीच रुमाल मागितला आणि दोन्ही हातांना बांगड्यांवरून गुंडाळून घेतला. मग टाळीपण मऊ झाली. एकूण ११ गाणी झाली तेवढ्या वेळात. आठव्याच्या शेवटी पहिला कावळा आहे, दहाव्यात खालच्या मजल्यावर कोणीतरी कडी काढली. शेवटचं चालू असताना नळाने घशातून तो हवेचा आवाज काढला, आणि आजी गाता गाताच उठल्या, रुमाल बांधलेल्या हातांनी पिंप नळाखाली लावायला. तेपण रेकॉर्ड झालंय, पदर मोज्याच्या रिंगला घासून गेल्याचा आवाजसुद्धा.

लेकीला फाइल पाठवली तशीच, काही कापलं नाही. सूं तिने विचारलापण नाही, तिने विचारलं की आईने हातात काय गुंडाळलं होतं, टाळी अशी का येतेय.

आता बाकी आठ बऱ्या कॅप्सूल उरल्यात आणि मोठीवाली सिलिका जेलच्या डब्यात दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेची वाट बघतेय. पुढचं काम पेटी. अडचण अशी आहे की माईक जवळ नेला तर भात्याचा फस् फस् आणि पट्ट्यांची खटखट सुरांच्या बरोबरीने येते, लांब नेला तर चाळ येते. वरून, मागून, टेबलाखालून, सगळं करून झालं. कोणी पेटी ओम्नीने जवळून नीट घेतली असेल तर माईक नक्की कुठे ठेवला होता तेवढं सांगा.